ओळख पटते, पण केव्हा?

फ्लूची लस दरवर्षी नव्यानं घ्यावी लागते याचा अनेकांना राग येतो, आणि तो अगदीच अनाठायी नाही. गोवर एकदा येऊन गेला की माणूस जन्मभर मोकळा होतो. फ्लूचं तसं नाही. या रागाच्या मुळाशी एक अस्सल शास्त्रीय प्रश्न आहे : आपलं शरीर या विषाणूला ओळखतं ते कशावरून? त्याच्या वरच्या प्रथिनांवरून, की पोटातल्या? उत्तर ‘दोन्हींवरून’ असं आहे. पण ओळखणाऱ्या यंत्रणा प्रतिपिंडं आणि टी पेशी अशा दोन आहेत, त्यांच्या वेळा वेगळ्या आहेत, आणि त्यामुळं एकाच पुराव्यातून शहाणी माणसं उलटे निष्कर्ष काढतात. तो वाद नीट ऐकू यावा म्हणून इथं दोन माणसं कल्पिली आहेत. मामा आजऱ्यातल्या हायस्कुलात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले, मधुमेहाच्या गोळ्या चालू असलेले. भाची डॉक्टर. आजराच का, तर आंबोलीच्या बाजूच्या या तालुक्यात पावसाळा म्हणजे काय ते कुणाला सांगावं लागत नाही, आणि महाराष्ट्रात फ्लूचा खरा हंगाम पावसाळाच आहे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी देशातल्या वेगवेगळ्या ठिकाणच्या नोंदी मांडून २०१५ मध्ये हे दाखवून दिलं : श्रीनगरला फ्लू हिवाळ्यात चढतो, बाकी बहुतेक देशात पावसाळ्यात. मुंबईचे चाकरमानी गणपतीला आजऱ्यात उतरतात ते याच दिवसांत.

मामा : “तुमची लस विषाणूचं वरचं कातडं बघून केलेली असते. हिमॅग्लुटिनिन आणि न्यूरामिनिडेज ही दोन प्रथिनं त्याच्या अंगावर असतात, प्रतिपिंडं प्रामुख्यानं त्यांनाच धरतात, आणि नेमकी तीच दोन सगळ्यांत जास्त बदलतात. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेला वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात, बसून ठरवावं लागतं की येत्या हंगामाच्या लशीत कुठले विषाणू घालायचे. तिथून लस हाती यायला सहा महिने. अंदाज बरोबर आला तरी संरक्षण चाळीस ते साठ टक्के. आता त्याच विषाणूच्या आत बघ. ए गटाच्या फ्लूत जनुकांचे आठ तुकडे. त्यांतले दोन या वरच्या प्रथिनांचे, उरलेले सहा मुख्यतः आतल्या कामाचे. न्यूक्लिओप्रोटीन, मॅट्रिक्स, जनुकांच्या नकला काढणारी तीन प्रथिनं. ती फार बदलली तर विषाणूचंच काम अडतं, म्हणून वर्षानुवर्षं जवळपास तशीच राहतात. टी पेशी बघतात ती बहुतेक हीच. १९५७ची साथ, १९६८ची, १९७७ला परत आलेला जुना एच१एन१, मग २००९चा स्वाइन फ्लू, एवढे सगळे माझ्या वयाच्या माणसाच्या अंगावरून गेलेत. त्यांची आतली घडण ओळखणाऱ्या पेशी माझ्या रक्तात बसलेल्या असताना मी दरवर्षी दंड कशाला पुढं करू? सांग की.”

मामांना ‘काढा प्या, लस नको’ म्हणणाऱ्यांत ढकलून कुणी मोकळं होऊ नये. त्यांच्यामागं पन्नास वर्षांचं काम उभं आहे, आणि ते काम इतकं देखणं आहे की इथं थोडं थांबायला हवं. १९७०च्या दशकात ऑस्ट्रेलियात कॅनबेरा इथं पीटर डोहर्टी हा पशुवैद्य आणि रॉल्फ झिंकरनागेल हा स्विस डॉक्टर उंदरांच्या मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या एका विषाणूवर काम करत होते. त्यांना आढळलं की बाधित पेशी मारणारी टी पेशी नुसता विषाणू ओळखत नाही. विषाणू आणि त्या उंदराच्या स्वतःच्या ऊतींची खूण अशा दोन्ही गोष्टी एकत्र दिसल्या तरच ती हल्ला करते. तोच विषाणू परक्या खुणेच्या उंदराच्या पेशीत असला तर तिला त्याचा पत्ता लागत नाही. १९९६चं नोबेल या शोधाला मिळालं. माणसात ही खूण म्हणजे एचएलए नावाची प्रथिनं. मूत्रपिंड बसवताना दात्याचं आणि रुग्णाचं जे जुळवून पाहतात, तीच ही. फ्लूच्या बाबतीत कोडं आणखी पुढचं होतं. एका जातीच्या फ्लूतून बऱ्या झालेल्या उंदराच्या टी पेशी दुसऱ्या जातीच्या फ्लूनं बाधित झालेल्या पेशीही मारत. दोन्ही जातींची वरची प्रथिनं इतकी वेगळी, की लशीतून सहसा मिळणाऱ्या प्रतिपिंडांना हे जमत नाही. मग टी पेशी बघतात तरी काय? ब्रिटनमध्ये अ‍ॅलेन टाउनसेंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ पासून दोन-तीन वर्षांत हे उलगडलं. उंदराच्या साध्या पेशींत त्यांनी अख्खा विषाणू न घालता फक्त न्यूक्लिओप्रोटीनचं जनुक घातलं. हे प्रथिन विषाणूच्या गाभ्यात त्याच्या आरएनएला चिकटून असतं. पेशीच्या पृष्ठभागावर येण्याची सोय त्याच्यात नाही. तरी टी पेशींनी त्या पेशी मारल्या. प्रथिन तोडून अर्धवट ठेवलं, तरी मारल्या. शेवटी १९८६ मध्ये त्यांनी त्या प्रथिनाचा प्रयोगशाळेत बनवलेला छोटा तुकडा बाधा नसलेल्या पेशींवर नुसता सोडला, आणि टी पेशींनी त्या निरोगी पेशींनाही बाधित समजून संपवलं. टी पेशीला अख्खं प्रथिन लागत नाही, त्याची मूळची घडी लागत नाही. दहा-पंधरा अमिनो आम्लांचा सरळ तुकडा पुरतो, एवढं यातून पक्कं झालं. पुढच्याच वर्षी हार्वर्डमध्ये पामेला ब्योर्कमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एचएलए-ए२ या प्रथिनाची क्ष-किरणांनी रचना काढली. त्याच्या माथ्यावर एक खाच निघाली, आणि खाचेत काहीतरी अडकलेलं होतं जे त्या प्रथिनाचा भाग नव्हतं. टाउनसेंडच्या तुकड्यांना बसायची जागा सापडली होती.

भाची : “मामा, यातलं एकही अक्षर मी खोडत नाही. आतलं प्रथिन टी पेशीला दिसतं हे खरंच. ते कुठं दिसतं आणि कधी, एवढंच बघा. विषाणू श्वासमार्गाच्या पेशीत शिरतो आणि तिच्याच सामग्रीवर आपली प्रथिनं बनवून घेतो. पेशीत प्रोटिअसोम नावाची यंत्रणा निकामी आणि अर्धवट बनलेली प्रथिनं सतत तोडत असते; त्यात विषाणूचीही सापडतात. तुकडे पेशीच्या आतल्या एका कप्प्यात ओढले जातात. तिथं आठ-दहा अमिनो आम्लांचा नेमका बसेल असा तुकडा एचएलएच्या खाचेत अडकतो, आणि मग ती जोडी पृष्ठभागावर येते. आपल्याकडं काजूची बी फोडल्याशिवाय गराची प्रत कळत नाही, तसं आहे हे. फक्त इथं फोडायचं काम आपल्याच बाधित पेशीनं केलेलं असतं. म्हणजे मारक टी पेशीला मोकळा फिरणारा विषाणू कधीच दिसत नाही, तिला दिसते ती बिघडलेली आपली पेशी. ओळख पटते तेव्हा लागण होऊन गेलेली असते, आणि त्या ओळखीचा पुढचा अर्थ असा की आपल्याच फुप्फुसातली एक पेशी मारली जाणार. प्रतिपिंड विषाणूला पेशीत शिरायच्या आधी अडवू शकतं. टी पेशीला ते शक्य नाही. आणि टी पेशींचा दुसरा प्रकार आहे, मदतनीस पेशींचा. त्या एचएलएच्या दुसऱ्या वर्गावरचे लांब तुकडे वाचतात आणि प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशींना चालना देतात. तुम्ही ज्या प्रतिपिंडांना कमी लेखता, ती चांगल्या प्रतीची व्हायला टी पेशीच लागतात. तुम्ही दोघांची कुस्ती लावताय, ती शरीरात लागलेलीच नाही.”

मामा : “कुस्ती मी नाही लावली, तुमच्या लस-धोरणानं लावली. सगळी मोजमापं प्रतिपिंडांची, टी पेशी कुणी मोजतच नाही. आणि उशिरा का होईना, त्यांच्या ओळखीचा उपयोग होतो की नाही ते बघ. २००९ घे. जूनमध्ये जागतिक साथ जाहीर झाली. ३ ऑगस्टला पुण्यात देशातला पहिला मृत्यू. शाळा बंद, सिनेमागृहं बंद, रस्त्यावर जो तो तोंडाला रुमाल बांधून. विषाणू नवा, तरण्या माणसांच्या रक्तात त्याला धरणारी प्रतिपिंडं जवळपास नाहीत. तरी बहुतेकांना चार दिवसांचा ताप येऊन गेला, असं का? त्याच वर्षी अमेरिकेत ला होया इथल्या संशोधकांनी आधीच्या फ्लूच्या अभ्यासांतून माहीत असलेले तुकडे नव्या विषाणूशी ताडून पाहिले. मारक टी पेशी ओळखतात अशा ७८ तुकड्यांपैकी ५४ अक्षरशः तसेच होते. प्रतिपिंडं ओळखतात त्या जागांपैकी टिकल्या होत्या त्या साधारण एक तृतीयांश. मग लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात अजित ललवाणींच्या गटानं ३४२ निरोगी माणसांचं रक्त आधी घेऊन ठेवलं आणि साथीत त्यांच्यावर लक्ष ठेवलं. प्रतिपिंडं नसलेल्यांना लागण झाली, पण ज्यांच्याकडं या न बदलणाऱ्या तुकड्यांच्या मारक टी पेशी आधीपासून जास्त होत्या त्यांचा आजार सौम्य राहिला. २०१३ला छापून आलंय हे.”

भाची : “तुम्हीच म्हणालात, ‘लागण झाली’. तेवढ्यावर बोट ठेवते. १९८३ मध्ये अँड्र्यू मॅकमायकेल यांच्या गटानं इंग्लंडमध्ये ६३ स्वयंसेवकांच्या नाकात जिवंत फ्लू विषाणू सोडून पाहिला. प्रतिपिंडं नसली तरी ज्यांच्या टी पेशी जोरदार होत्या त्यांच्या नाकातून विषाणू कमी बाहेर पडला. तो लवकर आवरला गेला. लागण टळली असं मात्र नाही. आणि त्याच गटानं त्याच वर्षी आणखी एक गोष्ट मांडली, ती तुमच्या बाजूचे लोक सांगत नाहीत. १९७७ ते १९८२ या काळात लोकांच्या रक्तातला फ्लूविरुद्धचा टी पेशींचा जोर घटत गेला होता, दर दोन-तीन वर्षांनी निम्मा होईल या वेगानं. तुमच्या सत्तर वर्षांच्या साठ्याचा हिशेब आता तुम्हीच करा. शिवाय २००९ मध्ये साठीपुढची माणसं कमी आजारी पडली, ते तुम्ही टी पेशींच्या खात्यावर जमा कराल. पण अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्रानं साठवलेलं जुनं रक्त तपासलं, तर साठीपुढच्या सुमारे एक तृतीयांश लोकांत त्या नव्या विषाणूला धरणारी प्रतिपिंडं आधीच निघाली, कारण १९५७च्या आधी फिरणारा एच१एन१ त्यांनी पाहिला होता. म्हणजे म्हातारी माणसं वाचली ती बऱ्याच अंशी वरच्याच प्रथिनाच्या जुन्या ओळखीनं. आणि गेलं कोण? जगभरचा अंदाज आहे की पहिल्या वर्षी दीड लाख ते पावणेसहा लाख माणसं दगावली, त्यांतली ऐंशी टक्के पासष्टीच्या आतली. त्यांच्या अंगात जुन्या फ्लूच्या टी पेशी नव्हत्या का?”

भाचीचा शेवटचा प्रश्न ठसक्यात विचारलेला आहे, पण तो पुरावा नाही. कोट्यवधी लोकांना लागण होते तेव्हा काही लाख मृत्यूंवरून टी पेशी निरुपयोगी ठरत नाहीत. त्या नसत्या तर आकडा किती झाला असता, हा तिथला खरा प्रश्न आहे. त्याच्या उत्तराच्या जवळ नेणारं उदाहरण चीनमधलं आहे. २०१३ मध्ये तिथं कोंबड्यांतून माणसांत आलेल्या एच७एन९ फ्लूनं लोक गंभीर आजारी पडू लागले. हा विषाणू माणसांना सर्वस्वी नवा, म्हणून त्याच्या वरच्या प्रथिनांची प्रतिपिंडं कुणाकडं असण्याचं कारण नव्हतं. शांघायच्या रुग्णालयातल्या रुग्णांचा पुढं अभ्यास झाला तेव्हा दिसलं की जे दोन-तीन आठवड्यांत बरे होऊन घरी गेले त्यांच्या रक्तात मारक टी पेशी लवकर आणि भरपूर उगवल्या होत्या. जे दगावले त्यांच्यात हा प्रतिसाद फारच क्षीण होता. महाराष्ट्राला ही गोष्ट दूरची वाटू नये. भारतात कोंबड्यांतला एच५एन१ पहिल्यांदा सापडला तो फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. लाखोंनी कोंबड्या माराव्या लागल्या, माणसांत मात्र लागण सापडली नाही. असा एखादा विषाणू उद्या माणसामाणसांत पसरू लागला तर पहिले काही महिने जुळणारी लस कुणाकडंच नसेल, आणि तेव्हा आपल्याजवळ जे काही आधीचं असेल त्यात या आतल्या ओळखीचा वाटा मोठा असेल. इथवर मामा बरोबर आहेत आणि मी त्यांच्या बाजूला आहे.

पण त्यांच्या युक्तिवादात एक उडी आहे. ‘टी पेशी गंभीर आजार आवरतात’ इथून ते ‘म्हणून मला लस नको’ इथं पोचतात, आणि या दोन वाक्यांच्या मधला वेळ ते मोजत नाहीत. फ्लूचा विषाणू लागण झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच शिगेला पोचतो. स्मृती असलेल्या टी पेशी तोवर बहुतांशी रक्तात आणि लसीका ग्रंथींत विखुरलेल्या असतात. त्यांना खूण दिसायची, त्या वाढायच्या, फुप्फुसापर्यंत यायच्या, यात काही दिवस जातात. स्मृती नसलेल्या, पहिल्यांदाच ओळख होत असलेल्या पेशींना तर आठवडा-दहा दिवस लागतात. फुप्फुसातच मुक्काम ठोकून राहणाऱ्या काही टी पेशी असतात, त्या याहून पुष्कळ चपळ; पण उंदरांतले प्रयोग सांगतात की त्यांची वस्ती काही महिन्यांतच विरळ होत जाते. वयानं टी पेशींची धार बोथट होते ती वेगळीच. तरुण, धडधाकट माणसाला हे मधले दिवस तापात, अंगदुखीत काढता येतात. ज्याचं वय सत्तरीपुढं आहे आणि रक्तातली साखर वर-खाली होते, त्याच्या फुप्फुसाला त्याच दिवसांत जिवाणूंचा न्यूमोनिया गाठू शकतो, साखर हाताबाहेर जाऊ शकते, हृदयावर ताण येऊ शकतो. टी पेशी शेवटी लढाई जिंकतीलही. माणूस तोवर टिकायला हवा. आणि ही स्मृती फुकट आलेली नाही, हेही मामांच्या हिशेबात नाही. ती प्रत्येक वेळी एक फ्लू अंगावर काढून मिळालेली आहे.

मामा : “उशीर मान्य. पण एक गोष्ट तुला खोडता येणार नाही. प्रतिपिंडांना विषाणू दर हंगामात चकवतो, टी पेशींना चकवणं त्याला झेपत नाही. मॅट्रिक्स प्रथिनात २५२ अमिनो आम्लं. त्यांतला ५८ ते ६६ हा नऊ आम्लांचा तुकडा बघ : ग्लायसिन, आयसोल्यूसिन, ल्यूसिन, परत ग्लायसिन, मग फिनाइलअ‍ॅलनिन, व्हॅलिन, पुन्हा फिनाइलअ‍ॅलनिन, थ्रिओनिन, ल्यूसिन. एचएलए-ए२ असलेल्या लोकांच्या टी पेशी हा तुकडा हमखास ओळखतात, आणि इतक्या वर्षांत, इतक्या जातींत, तो जवळपास जसाच्या तसा आहे. बदलला की विषाणूच लंगडा होतो. दुसरं म्हणजे एचएलए माणसागणिक वेगळं. प्रत्येकाकडं पहिल्या वर्गाचे जास्तीत जास्त सहा नमुने, समाजात हजारो. माझ्या शरीरात विषाणूनं एखादा तुकडा बदलून पळवाट काढली तरी तुझ्या शरीरात ती कामाची नाही, तुझं एचएलए भलताच तुकडा दाखवतंय.”

भाची : “बहुतांशी खरं. पण ‘झेपत नाही’ म्हणू नका. न्यूक्लिओप्रोटीनचं ३८४वं आम्ल आर्जिनिन होतं, तिथं ग्लायसिन आलं. एका आम्लाचा फरक, आणि एचएलए-बी२७ असलेल्या लोकांच्या टी पेशींना तो तुकडा दिसेनासा झाला. १९९३-९४ पासून एच३एन२ विषाणूंत तो बदल कायमचा बसला. नेदरलँड्सच्या संशोधकांनी २००० मध्ये हे दाखवलंय. वेग कमी आहे, पण वाट बंद नाही. आणि तुमचा तो नऊ आम्लांचा तुकडा प्रामुख्यानं एचएलए-ए२ कुटुंबातल्या ज्या प्रकारावर तपासला गेला, तो गोऱ्या लोकांत जास्त. आपल्याकडं त्याच कुटुंबातले दुसरे प्रकारही बरेच आढळतात. ऑक्सफर्डमधल्या स्वयंसेवकाची टी पेशी काय ओळखते त्यावरून आजऱ्यातल्या माणसाची काय ओळखत असेल हे आपण गृहीत का धरावं?”

हा आक्षेप मला या सगळ्या वादातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्याची धार फक्त मामांकडं नाही. प्रतिपिंडाची मोजणी सगळ्या जगात एकाच पद्धतीनं होऊ शकते. रक्तातलं प्रमाण एका ठरलेल्या पातळीवर असलं की लस लागली असं धरता येतं. टी पेशीची ओळख मात्र ज्याच्या-त्याच्या एचएलएवर टांगलेली असते. म्हणून जी लस आतल्या प्रथिनांवर उभी करायची, तिच्यात दोन-चार निवडक तुकडे घालून भागत नाही. अख्खी प्रथिनं द्यावी लागतात, म्हणजे ज्याच्या एचएलएला जो तुकडा झेपेल तो त्यानं घ्यावा. ऑक्सफर्डच्या गटानं नेमकं हेच केलं होतं. एका निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या पाठीवर फ्लूची न्यूक्लिओप्रोटीन आणि मॅट्रिक्स ही दोन पूर्ण प्रथिनं बसवून त्यांनी लस बनवली. सुरुवातीच्या चाचण्यांत टी पेशी छान वाढल्या. मग २०१९च्या हंगामात ऑस्ट्रेलियात दोन हजारांहून जास्त प्रौढांवर मोठी चाचणी झाली : सगळ्यांना नेहमीची लस, त्यावर निम्म्यांना ही नवी. फ्लू झालेल्यांची संख्या नव्या लशीनं कमी झाली नाही. इस्रायलमधल्या एका कंपनीनं न बदलणारे निवडक तुकडे जोडून केलेली लस पन्नाशीपुढच्या बारा हजारांहून जास्त लोकांवर तपासली. २०२० मध्ये तिचाही निकाल नकारार्थी आला.

मामा : “चाचणीचं माप चुकलं. टी पेशी लागण टाळत नाहीत, हे तूच मघापासून सांगतेस. मग ‘किती जणांना फ्लू झाला’ हे मोजून त्यांना नापास कसं करता? किती जणांना दवाखान्यात भरती व्हावं लागलं ते मोजा की.”

भाची : “बरोबर आहे, मामा. पण दोन हजार माणसांत फ्लूनं भरती होणारे बोटांवर मोजण्याइतकेच निघतात. ते माप घ्यायचं तर दसपट, वीसपट माणसं लागतील. तोवर तुमचा दावा खोटा ठरलेला नाही, पण सिद्धही झालेला नाही, आणि औषध सिद्ध झाल्यावर देतात.”

मधला एक रस्ता पुण्यातूनच निघाला होता. सीरम इन्स्टिट्यूटनं जुलै २०१० मध्ये स्वाइन फ्लूची नाकात फवारायची ‘नॅसोव्हॅक’ ही लस आणली. तिच्यातला विषाणू जिवंत पण दुबळा केलेला, म्हणून तो नाकातल्या पेशींत शिरतो, तिथं प्रथिनं बनवतो, आणि टी पेशींना तुकडे दाखवले जातात. मेलेल्या विषाणूच्या टोचायच्या लशीतून मारक टी पेशींना इतकं मिळत नाही. गंमत म्हणजे त्या विषाणूची वरची दोन प्रथिनं २००९ची होती आणि आतली सगळी १९५७च्या एका लेनिनग्राडच्या विषाणूची. मामा या माहितीवर खूश होतील, पण ती आतली जनुकं टी पेशींसाठी निवडलेली नव्हती. रशियन शास्त्रज्ञांनी थंड तापमानात वाढवून दुबळा केलेला तो तयार सांगाडा होता. पुढं याच घराण्यातली हंगामी लस दोन देशांतल्या लहान मुलांना देऊन तपासली गेली. बांगलादेशात तिनं सुमारे ५७ टक्के संरक्षण दिलं, सेनेगलमध्ये शून्य. टी पेशींना जिवंत विषाणू दाखवला म्हणजे काम फत्ते, असं समजणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी-शेजारी ठेवून बघावेत.

माझा निवाडा असा. टी पेशींबद्दलचं मामांचं शास्त्र पक्कं आहे, आणि फ्लूच्या नव्या लशींची चाचणी करताना प्रतिपिंडांइतक्याच काटेकोरपणे टी पेशीही मोजल्या पाहिजेत, त्याही भारतीय लोकांच्या, हा त्यांचा आग्रह धोरण ठरवणाऱ्यांनी उचलून धरावा असा आहे. लस नको हा त्यांचा निष्कर्ष मात्र त्या शास्त्रातून निघत नाही. आतली ओळख लागणीनंतरची आहे आणि वरची लागणीपूर्वीची. एकीमुळं दुसरी अनावश्यक ठरत नाही, आणि आजच्या घडीला यांतली जी विकत मिळते ती वरचीच आहे. ती अर्धीमुर्धी चालते हे खरं, पण ज्याचं फुप्फुस पहिल्या तीन-चार दिवसांचा मार सोसू शकत नाही त्याच्यासाठी अर्धं संरक्षणही मोठं आहे. ही लस राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमाच्या नेहमीच्या यादीत नाही, बहुतेकांना पदरचे पैसे मोजावे लागतात. म्हणून ती कुणाला आधी हवी हे घरानं ठरवावं. पासष्टीपुढची माणसं, मधुमेह, दमा किंवा हृदयविकार असलेले आणि गरोदर बायका यांचा नंबर पहिला. टोचल्यावर प्रतिपिंडं तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात आणि आजऱ्यात जून लागला की पाऊस फार वाट बघत नाही, तेव्हा त्यांनी मे महिन्यातच आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावं.